तुरटीची पाठवणी

५ जून

सूनबाई,

कागदोपत्री तू आता माझी सून नाहीस, हे मला ठाऊक आहे. निकालाची प्रत आमच्या चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावरच आणून ठेवली होती. पण हाक मारायला दुसरा शब्द सापडला नाही, आणि तो शोधत बसायला मला वेळ नाही. तुझा जुना नंबर बंद आहे. परदेशातला हा पत्ता तुझ्या आईने दिला. "मी दिला असं सांगू नका," असे त्या म्हणाल्या आहेत, तेव्हा मी सांगितले असे समजू नकोस.

हे पत्र तुमच्या दोघांच्या भानगडीबद्दल नाही. त्यात मला पडायचे नाही. हे पत्र निळीबद्दल आहे.

तू गेल्यावरही शनिवार दुपारचा तो पात्रांचा आणि फाशांचा खेळ माझ्याच घरी चालू आहे. दंतवैद्य अजून सूत्रधार आहेत. गोष्ट तेच सांगतात आणि राक्षसही तेच चालवतात. बँकवाली अजून चोर आहे. आठवडाभर काउंटरमागे नेकीने बसते आणि इथे आली की हात मोकळा सोडते. लिफ्टवाला जाड्या खेळात वैद्य आहे, मी सेनापती आहे. फक्त जादू करणारे कोणी उरलेले नाही, कारण ते काम तुझ्या पात्राचे, निळीचे होते.

तू यायची बंद झालीस तेव्हा दंतवैद्यांनी निळीला गोष्टीतून काढले नाही. काचकर नावाच्या मांत्रिकाने तिला पळवून नेले आणि तिची काचेची पुतळी केली, असे त्यांनी सांगितले. रोज सूर्यास्ताला तो आपला मंत्र नव्याने म्हणतो, म्हणून ती काचेची राहते. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी आपण एक शब्दही घालायचा नाही, हा आपल्या टेबलाचा नियम. पुतळी बोलत नाही, त्यामुळे नियम मोडला नाही. दंतवैद्य दात काढतानाही असेच वाट काढत असतील.

आता मुद्दा. बँकवालीबरोबर काम करणाऱ्या एकीला खेळायला यायचे आहे, आणि टेबलाला खुर्च्या पाचच. गेल्या शनिवारी दंतवैद्य म्हणाले, "मॅडम, हे पर्व संपेपर्यंत निळी सुटली तर सुटली. नाहीतर पुतळी फुटली असं सांगून मी मोकळा होतो. रिकामी खुर्ची कुठवर धरून ठेवायची?"

मी म्हटले, "बरोबर आहे."

बरोबर होतेच. पण चहा झाल्यावर मी त्यांना विचारले, "सेनापतीला सोबत एक साथीदार घेता येतो ना?"

"केव्हाच घेता आला असता. तुम्हीच म्हणाला होतात, मला कोणाची लुडबुड नको."

"आता हवी आहे. मंत्राची तोड करणारी."

काचकरने मंत्र म्हणायला तोंड उघडले आणि तो मंत्र तिथल्या तिथे मोडला, तर निळी सुटेल. एवढा साधा हिशेब आहे. म्हणून मी साथीदार बनवायला घेतली आहे. निळी तुझी, तेव्हा तुला कळवणे भाग होते. ती सुटायला नको असेल तर तसे लिही, मी थांबेन. उत्तर आले नाही तर काम चालू ठेवते.

आणखी एक. मी निवृत्त झाले त्या वर्षी घरच्या नळाचे पाणी सकाळ-संध्याकाळ तपासून तुम्हा सगळ्यांचे डोके खात असे. पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या रसायनतज्ज्ञ बाईला घरी बसवल्यावर ती दुसरे काय करणार. तेव्हा तू माझ्या हातातली परीक्षानळी काढून घेतलीस, तिथे वीस बाजूंचा फासा ठेवलास आणि म्हणालीस, "आई, आता राक्षसांना शिस्त लावा, आमची लावून झाली." त्याबद्दल तुझे आभार. तोंडी मानायचे राहिले होते.

जेवण वेळेवर घेत जा.


२० जून

सूनबाई,

तुझे उत्तर नाही, म्हणून काम चालू आहे.

साथीदार बनवणे वाटले तितके सोपे नाही. गुण मोजकेच मिळतात आणि ते बळ, चपळाई, कान, धीर असे वाटून द्यावे लागतात. एकीकडे घातले की दुसरीकडे कमी पडतात. मी सगळे भराभर लिहून दंतवैद्यांपुढे कागद ठेवला. त्यांनी तो वाचून परत माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, हे यंत्र झालं. माणूस करा."

म्हणून माणूस केला. बुटकी, पन्नाशीची, नदीचे गढूळ पाणी निवळून विकणारी बाई. पाण्यातला गाळ जसा तिच्या हाताखाली तळाशी बसतो, तसा मंत्रही तिच्या आसपास तळाशी बसतो. नाव ठेवले तुरटी.

"जरा गोड नाव ठेवायचं, मावशी," बँकवाली म्हणाली.

"ती गोड नाही."

"ते दिसतंच आहे. घरचीच आहे ना."

तोडीची पद्धत तू गेल्यानंतर ठरली, म्हणून सांगते. दंतवैद्य कुठलाही मंत्र तीन ओळींत म्हणतात. तिसरी ओळ संपायच्या आत मी तळहात टेबलावर ठेवला, तर तुरटीने मंत्र अडवला. ओळ संपल्यावर हात आपटून उपयोग नाही. शिवाय तुरटीने तोड केली की सेनापतीची पाळी गेली. तलवार म्यानात ठेवून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. माझ्या स्वभावाला हे किती जमते, तुला माहीत आहे.

तर मी सोपा मार्ग काढला. नियमात दोन प्रकार आहेत. मंत्र ओळखून, निवडून थांबवायचा असेल तर गुण जास्त लागतात. जवळपासचा प्रत्येक मंत्र सरसकट विरून जावा असे हवे असेल तर कमी लागतात, आणि हात ठेवायची कटकटही नाही. मी सरसकट घेतले. उरलेल्या गुणांत तिला चांगली जाड ढाल दिली.

पहिली चकमक पुलावर झाली. पलीकडून आगीचे मंत्र आले, ते तुरटीपाशी येऊन विझले. मी खूश. मग बँकवालीच्या चोराला बाण लागून ती पडली. जाड्याने बाह्या सरसावून जखम भरायचा मंत्र म्हटला.

दंतवैद्य शांतपणे म्हणाले, "काही झालं नाही. तुरटी शेजारी उभी आहे. मंत्र विरला."

"अहो, पण तो माझा मंत्र होता," जाड्या म्हणाला.

"तिला काय कळणार तुमचा का त्यांचा?"

"मावशी, तिला म्हणावं हे औषध आहे."

"तसं सांगायची सोय मी ठेवलेली नाही," मी म्हटले.

चोर मरायला टेकलेली. शेवटी सेनापतीने तिला दोन्ही पायांना धरून पूलभर फरफटत तुरटीपासून लांब नेले, तेव्हा कुठे जाड्याचा मंत्र लागला. बँकवाली अजून म्हणते की बाणापेक्षा फरफटण्याने जास्त लागले. जाड्या म्हणाला, "मावशी, जंतूंबरोबर मासेही मारलेत तुम्ही."

पाण्यात क्लोरीन किती सोडायचे, हे ठरवण्यात माझा जन्म गेला. जास्त सोडले की पाणी स्वच्छ होते आणि पिणाऱ्याचे पोट बिघडते, हे मी हाताखालच्या मुलींना शिकवलेले आहे. आणि घरच्या टेबलावर मी टाकीच्या टाकी ओतून मोकळी झाले.

त्या दिवशी कोणी तुझी आठवण काढली असे काही नाही. जाड्याने काढली. तो म्हणाला, निळी असती तर तिने आधीच सांगितले असते. मी म्हटले, नसलेल्या माणसांचे सल्ले मोजू नकोस, कप उचल.

रात्रीच्या जेवणाआधी तुरटीचा कागद सगळा पुसून काढला. तुला आठवते का, मी माझे पहिले पात्र पेनाने भरायला बसले होते, आणि तू पेन हातातून घेऊन पेन्सिल दिली होतीस. नोकरीत नोंदी कायमच्या शाईने करायच्या असतात. लिहिलेले पुसता येते ही गोष्ट मला या वयात कोणी सांगितली, तर ती तू. उपयोगी पडली. आभारी आहे.


११ जुलै

सूनबाई,

तुझे कार्ड पोहोचले. "निळीला बाहेर काढा. पुढचं तिचं ती बोलेल." बस्स. खाली सही नाही. अक्षर काही सुधारलेले नाही, त्यावरून ओळखले. कार्ड फ्रिजवर लावले आहे. वारा येतो म्हणून दोन चुंबक लावले.

तुरटी नव्याने केली. ढाल काढून घेतली, बळही कमी केले. आता तिला कोणी जोरात ढकलले तरी ती पडेल. सगळे गुण कानांवर आणि धीरावर घातले. ती मंत्र ओळखून, निवडून थांबवते. पण एकदा तोड केली की तिची शक्ती संपते. झोप काढल्याशिवाय दुसरी तोड नाही. एका लढाईत एक, असे धर. मी दंतवैद्यांशी घासाघीस करून पाहिली. ते म्हणाले, "दुखेल, पण इलाज नाही." हे वाक्य ते दवाखान्यातूनच घेऊन येतात.

खरी अडचण ओळखण्याची आहे. त्यांच्या सगळ्या मंत्रांची पहिली ओळ सारखीच असते. दुसऱ्या ओळीत कळते की काय होणार आहे. म्हणजे पहिल्या ओळीला हात उचलायचा नाही, दुसरी ऐकायची, आणि तिसरी संपायच्या आत ठरवायचे. मला पहिल्या ओळीलाच हात आपटायची सवय. जाड्या म्हणाला, "सराव करू या, मावशी."

तो सध्या एका कचेरीच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करतो. दुपारच्या सुट्टीत मी तिथे जाते. तो उघड्या लिफ्टमध्ये डबा खात बसतो आणि मधेच मंत्र म्हणतो. मी समोरच्या स्टुलावर तळहात धरून बसते. मंत्र बरा करणारा असेल तर हात वर ठेवायचा, मारणारा असेल तर खाली आणायचा. काल एक साहेब लिफ्टची वाट बघत उभे होते. जाड्या डोळे मिटून म्हणत होता, "हाडांत शिरो वीज, रक्ताची होवो राख." साहेब जिन्याने गेले.

पहिले काही दिवस मी त्याचे सगळे चांगले मंत्र मारले. तो कधी चिडला नाही. एवढेच म्हणाला, "मावशी, कोणी बोलायला लागलं की ते वाईटच बोलणार, असं धरून का चालता?"

मी म्हटले, "जेव आधी." पण आता हात थांबतो.

रविवारी चिरंजीव आले होते. बसल्या बसल्या त्यांची नजर तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"आई, ही अजून इथंच?"

"खुर्ची आहे. बसायला असते."

"ती यायची नाहीये."

"तुला कोणी विचारलं?"

मग बराच वेळ तो वर्तमानपत्र वाचत असल्यासारखा बसला. फ्रिजपाशी दोनदा पाणी प्यायला गेला. उठताना म्हणाला, "तुझी काही पत्रं टाकायची असतील तर दे, मी त्या बाजूलाच जातोय." पोस्ट त्याच्या घराच्या उलट्या बाजूला आहे. मी हे पाकीट तेव्हा बंद केलेले नव्हते, म्हणून त्याला वाण्याच्या दुकानात पाठवले. तो सुखरूप आहे, एवढे तुला कळावे. जास्त काही लिहीत नाही.

तू दोन ओळी पाठवल्यास त्या पुरे झाल्या. आभार.


२ ऑगस्ट

सूनबाई,

काल निळी सुटली. शेवट आधी सांगितला, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. आता कसे झाले ते.

आम्ही काचकरच्या दिवाणखान्यात सूर्यास्ताच्या आधी पोहोचलो. खिडकीपाशी निळी उभी, आरपार दिसणारी, एक हात पुढे केलेला. काचकर वाट बघतच होता. तुरटीची शक्ती एका तोडीपुरती आहे हे त्याला माहीत होते. दंतवैद्य लबाड आहेत, ते राक्षसांना सगळे सांगून ठेवतात.

सूर्य टेकला. काचकर निळीकडे वळायच्या ऐवजी माझ्या सेनापतीकडे वळला आणि मंत्र म्हणू लागला. पहिली ओळ नेहमीची. दुसरी ओळ आली, "छातीत थांबो श्वास." ही मी स्टुलावर बसून कितीदा तरी ऐकलेली आहे. हा जीव घेणारा मंत्र.

"मावशी, हात," बँकवाली म्हणाली.

"हात ठेवा, मावशी," जाड्या म्हणाला.

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले. विचार केला असे नाही. हात हातांच्या मर्जीवर सोडले असते तर एव्हाना टेबलावर गेले असते, म्हणून बसले. दंतवैद्यांनी तिसरी ओळ फार हळू म्हटली. मला वेळ देत होते. शेवटचा शब्द त्यांना म्हणावाच लागला.

वाचण्यासाठी एक फासा टाकायला मिळतो. टाकला. वीसपैकी चार आले.

"सेनापती गेली," दंतवैद्य म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. जाड्या उठून उभाच राहिला; त्याचे औषध जखमी माणसाला लागते, मेलेल्याला नाही.

"मॅडम, थोडं थांबू या का?" दंतवैद्यांनी विचारले.

"पुढे चला. सूर्य खाली जातोय."

मालकीण गेली तरी ती लढाई संपेपर्यंत साथीदार उभी राहते, असा नियम आहे. तुरटी उभी होती. काचकर निळीकडे वळला. पहिली ओळ. कोणी हलले नाही. दुसरी ओळ, "नजर गोठो, त्वचा होवो काच." मी हात काढला आणि टेबलावर ठेवला. आपटला नाही. तुरटीच्या धीराचा फासा टाकला, तो चांगला पडला. मंत्र त्याच्या तोंडातच मोडला. बँकवालीच्या चोराने मागून जाऊन त्याचे काय केले ते तीच तुला रंगवून सांगेल, मी तिकडे बघत नव्हते.

निळीच्या बोटांना रंग आला. मग मनगटांना. मग तिने डोळे उघडले. एवढे सांगून दंतवैद्य थांबले.

"निळी जागी आहे," ते म्हणाले. "यापुढं मी बोलू शकत नाही."

आम्ही चौघे तुझ्या खुर्चीकडे बघत बसलो. लोकांनी पाहिले असते तर चौघांनाही वेड लागले म्हणाले असते.

हे पत्र वेळेत पोहोचावे म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते आहे. येत्या शनिवारी तुला संगणकाच्या पडद्यावरून येता येईल का? बँकवाली जुळवाजुळव करेल, नंबर खाली दिला आहे. तिकडे पहाट असेल, पण तू लवकर उठणारी आहेस. यायचे नसेल तर तसेही कळव. निळी डोळे उघडून उभी आहे, आणि तिच्या वतीने बोलायचा हक्क तुझ्याशिवाय कोणाला नाही.

सेनापतीचे वाईट वाटून घेऊ नकोस. ती मला तुझ्यामुळे मिळाली होती आणि मी तिला भरपूर वापरली. तिच्या तोंडून ओरडले तितके मनसोक्त मी कधीच ओरडले नसेन.


९ ऑगस्ट

सूनबाई,

काल तू आलीस. केस कापलेस ते चांगले दिसतात. खोलीतला दिवा मात्र मंद आहे, डोळे बिघडतील.

तू जे बोललीस ते सगळ्यांनी ऐकले, ते परत लिहीत नाही. निळी आमच्याबरोबर माघारी येणार नाही, नदीपलीकडे जाणार, तिथे तिला काम मिळाले आहे. जाड्या निळीलाच विचारत होता, "पण सणावाराला तरी येशील का?" आणि तू म्हणालीस, "रस्ता लांबचा आहे, वैद्यबुवा." तिकडे शनिवारी खेळायला एक टेबल मिळाले आहे आणि तिथे तू निळीलाच घेऊन जाणार आहेस, हेही सांगितलेस. मला वाईट वाटले का, हे तू विचारले नाहीस, ते योग्य केलेस. वाटले. पण तू तुझ्या तोंडाने सांगितलेस आणि आम्हाला त्या खिडकीपाशी ताटकळत ठेवले नाहीस. त्याबद्दल मी तुझी फार ऋणी आहे.

पडदा बंद झाल्यावर काय झाले ते तुला कळायला हवे, म्हणून हे पत्र.

बँकवालीला सर्दी झाल्याचे तिने जाहीर केले. मी तिला म्हटले, "पुढच्या शनिवारी तुझ्या मैत्रिणीला घेऊन ये. फासे तिचे तिने आणायचे, आणि उशीर चालणार नाही."

दंतवैद्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. मला आता पहिल्या पायरीपासून नवे पात्र करायचे आहे. तलवार धड उचलता न येणारे कोणीतरी. त्यांनी विचारले, "तुरटी नव्या पात्राला जोडून देऊ का? नियमात बसवतो मी."

"नको. ती निळीबरोबर जाईल."

"पण मॅडम, निळी आता आपल्या खेळात नाही."

"मग तुरटीही नाही."

"इतकी मेहनत घेऊन केलीत," जाड्या म्हणाला. "भर दुपारी लिफ्टमध्ये बसून."

"तिच्यासाठीच केली होती," मी म्हटले. दंतवैद्यांनी नुसती मान हलवली.

शनिवारी दुपारी माझ्या घरात माणसे हसतात, कप फुटतात, एकमेकांवर चोरीचे आळ घेतात. ही सगळी माणसे तू गोळा करून आणलेली आहेस. तू जाताना त्यांतले एकही परत मागितले नाहीस. घरातून जाणारी माणसे भांडीकुंडी मोजून नेतात, आणि तू मला एवढे ठेवून गेलीस. हे मी लिहिले आहे, पुन्हा लिहायला लावू नकोस.

तुरटीचा कागद सोबत आहे. मालकिणीच्या जागी माझे नाव खोडून तुझे घातले आहे. तिकडच्या सूत्रधाराला सांग की तोड एकदाच होते, आणि ती करायची की नाही हे तुरटी ठरवत नाही, तू ठरवायचेस. तिचे बळ कमी आहे, कोणी ढकलणार नाही अशा जागी उभी करत जा. बोलायला फटकळ आहे. त्याचे मनावर घेऊ नकोस, मुक्कामी पोहोचल्यावर ती तुझ्यासाठी पाणी निवळून ठेवील.

चिरंजीव बाहेर उभे आहेत, पाकीट टाकायला. आज मी ते बंद करून त्यांच्या हाती देणार आहे.

पोहोचली की कळव. तुरटीचे म्हणते आहे मी. तुझे कळवलेस तरी चालेल.